बंद दगडखाणीत सौर पॅनेल बसवायचंय? आधी सावली मोजा

सोलापूरभोवतीच्या बंद दगडखाणी पाहिल्या की कुणी छोट्या अणुभट्टीची कल्पना मांडतं, कुणी पाणी साठवून वीज करायची. अणुभट्टीची जागा अणुऊर्जा नियामक मंडळाच्या मंजुरीशिवाय ठरत नाही. तो खाणमालकाच्या हातातला विषय नव्हे. पाण्याचा हिशेब कुणालाही करता येतो. दहा लाख लिटर पाणी १५ मीटरवरून सोडलं, तर कागदावर ४१ युनिट होतात आणि टर्बाइनमधून हाती येतात जेमतेम ३०. तेवढ्यासाठी वर दुसरं तळं बांधणं परवडत नाही. आपल्या उन्हात सौर वीजच खरी.

डिसेंबरच्या चौथ्या आठवड्यात सकाळी साडेनऊला आणि दुपारी साडेतीनला कड्यांच्या सावलीची टोकं फक्कीने आखा. वर्षातली सर्वांत लांब सावली तेव्हाच पडते. डिसेंबर लांब असेल तर हिशेबाने चालवा: दक्षिणेच्या कड्यापासून उंचीच्या सुमारे १.२ पट, पूर्व-पश्चिम कड्यांपासून १.३ पट जागा सोडा. १५ मीटर खोल खाणीत हे अंतर १८ आणि २० मीटर होतं. म्हणजे पूर्व-पश्चिम ६० मीटर रुंद खाणीत मधला २० मीटरचा पट्टाच उरतो. सावलीत पॅनेल टाकण्याचा मोह आवरा. एका माळेत जोडलेल्या पॅनेलांपैकी एकावर सावली आली तरी सगळ्या माळेची वीज घटते. खाण अरुंद असेल तर तळ सोडा, काठावरची सपाट जागा घ्या.

कड्यावर पाण्याची पांढरी रेघ दिसते ना, ती पावसाळ्यातली पातळी. इन्व्हर्टर आणि जोडपेट्या तिच्या बऱ्याच वर ठेवा. सुटे दगड पहारीने आधीच पाडून घ्या.

खांब पक्क्या काळ्या पाषाणात भोक पाडून ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने) बसवा. मुरूम-मातीच्या भरावावर नको. पहिल्या मोठ्या पावसात भराव दबतो आणि रांग वाकडी होते. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून १५ ते १८ अंशांवर ठेवा.

सगळ्यात जास्त फसतं ते अर्थिंग. कातळातून वीज जमिनीत नीट उतरत नाही. बोअर मारून इलेक्ट्रोडभोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरा आणि अर्थिंगचा रोध मे महिन्यात मोजा. पावसाळ्यातलं मोजमाप ओलाव्यामुळे चांगलं दिसतं आणि उन्हाळ्यात उघडं पडतं.

शेजारी क्रशर चालू असेल तर काचेवर धूळ सतत बसणार. पॅनेल पहाटे, काच थंड असताना पुसा. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर तडा जाऊ शकतो. बोअरचं क्षारयुक्त पाणी वापरलं तर काच लगेच कोरडी करा, नाहीतर क्षाराचे डाग धरतात.