इरईचं पाणी तपासायचं तर बाटल्या तीन घ्या

पहिल्या वर्षी मी एकच बाटली भरली होती. कोळसा खदानीचं पाणी नाल्यातून चंद्रपूरच्या इरई नदीत उतरतं तिथली, काळसर. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ऑफिसात टेबलावर ठेवली तर साहेबांनी विचारलं, "नाल्याच्या वरचं पाणी कुठं आहे?" शाळेच्या प्रयोगशाळेत अख्खी नोकरी काढलेला माणूस मी, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून गावातल्या पोरांना आता पहिलं हेच सांगतो. एक बाटली नाला मिळतो त्याच्या वरच्या अंगाची, एक नाल्याची, एक खालच्या अंगाची.

खालची जागा शोधायला वेळ द्या. नाल्याचं पाणी बरंच अंतर काठाकाठानं वाहतं, लगेच मिसळत नाही. उन्हाळ्यात टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं मीटर घेऊन पात्र आडवं ओलांडा. दोन्ही काठांना आणि मधात आकडा सारखा आला की ती जागा धरा आणि मग बदलू नका. एकट्यानं उतरू नका, नाल्याच्या तोंडाशी गाळ खोल असतो.

बाटलीचं तोंड धारेकडे करा आणि स्वतः तिच्या खालच्या अंगाला उभे राहा, म्हणजे पायानं उठलेला गाळ आत जात नाही. बाटली नदीच्याच पाण्यानं तीनदा विसळा. लोह-मँगनीजसाठी लॅब आम्ल घातलेली बाटली देते, ती मात्र विसळायची नाही.

सामू, म्हणजे पाणी किती आम्ल ते सांगणारा पीएच, तिथंच काठावर मोजा. सामू मोजायचं पेन त्याच सकाळी ४ आणि ७ सामूच्या द्रावणात जुळवून घ्या. पण सामू ७.५ आला म्हणून निश्चिंत होऊ नका, इथंच लोक फसतात. कोळशातल्या पायराइटला हवा-पाणी लागलं की गंधकाम्ल तयार होतं. वाटेत चुन्याचा अंश असलेला खडक भेटला तर आम्ल मरतं, सल्फेट मात्र पाण्यात राहतं. सामू ठीक आणि टीडीएस वरच्या जागेपेक्षा चढलेला दिसला की लॅबकडून सल्फेट तपासून घ्याच. पिण्याच्या पाण्यात सल्फेट लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरी सोयच नसेल तर ४००. टीडीएसचे हेच आकडे ५०० आणि २०००.

वहीत तारीख, वेळ, कालचा पाऊस आणि खदानीचा पंप चालू होता की बंद, हे लिहा. पंपाची नोंद नसेल तर आकडा का चढला ते पुढं कळत नाही. महिन्याला एक फेरी पुरते. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर मात्र जाच, ओबीच्या, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडाच्या, ढिगाऱ्यांची माती तेव्हा उतरते.

आपली बाटली कोर्टात चालत नाही. १९७४ च्या जल अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे सांडपाण्याचा नमुना मंडळाच्या माणसानं रीतसर नोटीस देऊन, सील करून घेतलेला लागतो. म्हणून सहा महिन्यांचे आकडे अर्जाला जोडा, प्रदूषण नियंत्रण मंडळानं त्याच तीन जागांचे नमुने घ्यावेत असं लेखी मागा, आणि आपल्या प्रतीवर पोचचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.