डिकीवरची अक्षरं: परफॉर्मन्स बॅज कोणता निवडावा आणि कसा लावावा

पुण्यात चांदणी चौकाजवळच्या पेट्रोल पंपावर इंजिनिअरिंगला असेल असा एक मुलगा माझ्या गाडीच्या मागे येऊन उभा राहिला. डिकीवरच्या 'एम'कडे, म्हणजे बीएमडब्ल्यूच्या स्पोर्ट्स विभागाच्या बॅजकडे, बोट दाखवून त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "काका, ह्या शेपमध्ये एम आली होती?"

नव्हती आली. माझी गाडी बीएमडब्ल्यू झेड ४, दुसऱ्या पिढीची, ३५आय. तीन लिटरचं सहा सिलिंडर इंजिन, दोन टर्बो, कंपनीतून निघताना ३०६ अश्वशक्ती. झेड ४ एम नावाची गाडी बीएमडब्ल्यूने बनवली ती त्याआधीच्या पिढीत, २००६ ते २००८ या काळात. तिचं ३.२ लिटरचं इंजिन बिनटर्बोचं होतं आणि ताकद ३४३ अश्वशक्ती. रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलणं) आणि टर्बोची हवा थंड करणाऱ्या मोठ्या इंटरकूलरनंतर माझी गाडी ताकदीत तिच्या पुढे गेली असेल. तरी तिच्या डिकीवर मी लिहिलं होतं ते कधीच न बनलेल्या गाडीचं नाव. त्या संध्याकाळी बॅज उतरवला. पुढे दोन महिन्यांनी पुन्हा लावला, पण वेगळा आणि वेगळ्या जागी. त्या दोन महिन्यांत जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो आहे.

आधी अक्षरांचा अर्थ समजून घ्या

दुकानात सगळे बॅज एकाच काउंटरवर मांडलेले असतात, त्यामुळे ते एकाच दर्जाचे वाटतात. प्रत्यक्षात बहुतेक कंपन्यांकडे त्यांच्या पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीची जागा ठरलेली असते.

बीएमडब्ल्यूचा 'एम' हा स्पोर्ट्स विभाग १९७२ साली सुरू झाला. आज त्याच्या तीन पायऱ्या आहेत. '३३०आय एम स्पोर्ट' ही मुळात साधीच ३३०आय. बंपर, स्टिअरिंग, सस्पेन्शन एम विभागाच्या धाटणीचं. तिच्या पुढच्या फेंडरवर छोटा एम असतो, डिकीवर नसतो. 'एम३४०आय' मधली पायरी. 'एम ३' मात्र पूर्ण वेगळी गाडी: इंजिन वेगळं, अंग रुंद, ब्रेक मोठे. मर्सिडीजमध्ये 'एएमजी लाइन' हा सजावटीचा संच आणि खरी एएमजी ही गाडी. या दोघींत तसंच अंतर आहे. एएमजीची सुरुवात १९६७ची, मर्सिडीजच्याच दोन माजी इंजिनिअरांनी केलेली. ऑडीची 'एस लाइन' ही साज, 'एस' ही मधली आणि 'आरएस' म्हणजे रेनस्पोर्ट, शर्यतीच्या वंशातली.

आपल्या रस्त्यांवरचं सगळ्यात ठळक उदाहरण ह्युंदाईचं आहे. आय२० एन लाइन भारतात २०२१ साली आली, एक लिटर टर्बो, १२० पीएस (पीएस म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती). युरोपातली आय२० एन १.६ लिटरची, २०४ पीएसची, आणि ती इथे कधी विकलीच गेली नाही. काही जण 'लाइन' हा शब्द काढून नुसता 'एन' ठेवतात. एक शब्द निघतो आणि ८४ पीएसचा दावा उभा राहतो.

आपल्या चाकणला बनलेल्या पोलो जीटीचंही तेच. १.२ लिटर, १०५ पीएसची ती गोड गाडी. तिच्यावर जीटीआयची लाल अक्षरं चढवली की ती स्वतःला १.८ लिटर, १९२ पीएसची म्हणवते. ती जीटीआय २०१६ साली बाहेरून बनून आली, तीन दारांची. पाच दारांच्या पोलोवर ही अक्षरं दिसली की जाणकाराला अंतर लांबूनच कळतं.

मग निवड कशी करायची? माझी कसोटी अशी: कोणी बोनेट उघडायला सांगितलं, तर बॅजवरच्या प्रत्येक अक्षराचं उत्तर गाडीत सापडलं पाहिजे. एम स्पोर्टचे अस्सल बंपर, स्टिअरिंग, सस्पेन्शन बसवलं असेल तर फेंडरवरचा एम हक्काचा. नुसता रिमॅप केला असेल तर तो रिमॅपच; त्याने मॉडेल बदलत नाही. रिमॅप करून देणाऱ्या ट्यूनरचा छोटा बॅज लावा, तो खराही असतो आणि मला तरी जास्त देखणा वाटतो. काहीच पटत नसेल तर डिकी कोरी ठेवा. कोऱ्या डिकीची चपळ गाडी पाहून माणूस स्वतःहून विचारायला येतो, आणि त्या गप्पा बॅजपेक्षा मोठ्या असतात.

कागदांचा विचार

आरसीवर डिकीवरची अक्षरं नोंदवलेली नसतात. इंजिन नंबर, चासी नंबर, इंधन, क्षमता, रंग हे नोंदवलेलं असतं. त्यामुळे चार अक्षरं चिकटवली म्हणून आरटीओत जावं लागत नाही. पण बॅजमागच्या बदलांचं तसं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलांशी आरसीवरच्या नोंदी जुळणार नाहीत असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आपण सकाळी ज्या एआरएआय टेकडीवर फिरायला जातो, तिथल्या संस्थेत गाड्यांच्या मॉडेलची तपासणी होते. त्या तपासणीत उतरलेली गाडी आणि रस्त्यावरची गाडी एकच असावी, एवढंच यामागचं म्हणणं आहे. बॅज लोकांचं लक्ष वेधतो, चौकातल्या हवालदाराचंही. तेव्हा बदल नियमात बसत नसतील तर आधी ते निस्तरा.

विमा कंपनीला बदल लेखी कळवा. नंबर प्लेटवर मात्र काहीही चिकटवू नका, कडेलासुद्धा नाही.

खरेदी

नाना पेठेत जाऊन 'बॅज' मागितलात तरी चालेल, पण 'मोनोग्राम' म्हणालात तर दुकानदार पटकन समजतो. तिथे नकला भरपूर मिळतात आणि पहिल्या दिवशी झकास दिसतात. एका पावसाळ्यात त्यांचा क्रोम फुगतो, कडा पिवळ्या पडतात. कंपनीचा अस्सल बॅज पार्ट नंबरने मागवा. बीएमडब्ल्यूच्या सर्व्हिस सेंटरमध्ये चासी नंबरची शेवटची सात अक्षरं-आकडे दिले की तुमच्या गाडीचा कॅटलॉग उघडतो. एमच्या तीन पट्ट्या डावीकडून फिकट निळी, गडद निळी, लाल अशाच असतात. क्रम उलटा दिसला तर तो तुकडा हातात घेऊ नका. बिल जपून ठेवा.

जुनी अक्षरं उतरवणं

खरं कौशल्य इथेच लागतं. माझी पहिली खेप मी घाईत एका गॅरेजवर सोपवली होती. तिथल्या पोराने पेचकस घातला आणि रंगात नखाएवढा खड्डा पाडला. तो डाग अजून आहे. हे काम घरी, पार्किंगमध्ये, शांतपणे करावं.

सुरुवातीला डिकीचा पत्रा पूर्वी रंगवलेला आहे का ते पाहा. सेकंडहँड गाडीत मागून ठोकर लागून डेंटिंग-पेंटिंग झालेलं असणं अगदी नेहमीचं. रबराच्या पट्टीखाली किंवा कडेला रंगाची रेघ दिसली, शेजारच्या पत्र्याशी छटा जुळत नसली, तर उष्णता फार जपून द्या. असा रंग टेपसोबत उचलला जाऊ शकतो. दुसरं, मॉडेलची अक्षरं बहुधा नुसती चिकटवलेली असतात, पण कंपनीचं गोल चिन्ह बऱ्याच गाड्यांत खिळ्यांवर बसवलेलं असतं. त्याला पुढे सांगितलेला दोरा लावू नका. काही गाड्यांत मागचा कॅमेराही चिन्हातच असतो.

गाडी शांपूने धुऊन कोरडी करा. जुन्या अक्षरांवर ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिलीने छाप घ्या, डिकीच्या कडेपासून आणि दिव्यापासूनची अंतरं मिलिमीटरमध्ये त्यावरच लिहा. भोवती मास्किंग टेप लावा. मग हेअर ड्रायर वीतभर अंतरावरून, एका जागी न थांबवता, दोन-तीन मिनिटं फिरवा. पत्रा हाताला चांगला गरम लागावा, चटका बसू नये. आता मासेमारीचा नायलॉन दोरा किंवा दातांचा फ्लॉस दोन्ही हातांत ताणून धरा आणि अक्षरामागून करवतीसारखा मागे-पुढे ओढत खाली या. अडलं तर जोर लावू नका, पुन्हा गरम करा. अक्षर अख्खं सुटतं.

मागे राहिलेला फोमसारखा गोंद अंगठ्याने घासत गोळी करून काढा. वेळ लागतो, बोटं दुखतात, पण रंग वाचतो. ब्लेड नको, थिनर नको, पेट्रोलही नको. शेवटचा चिकटपणा डांबर काढायच्या द्रावणाने जातो.

गाडी जुनी असेल तर आता अक्षरांची सावली दिसेल, कारण भोवतालचा रंग उन्हाने उतरलेला असतो आणि अक्षरांखालचा नाही. हलक्या पॉलिशने ती बरीच पुसट होते. गडद निळ्या किंवा लाल गाडीत ती पूर्ण जाईलच असं नाही. तेव्हा डिकी कोरी ठेवायचा विचार असेल तर हे आधी लक्षात घ्या.

नवा बॅज बसवणं

इथे सगळा खेळ टेपचा आहे. चांगल्या बॅजमागे ॲक्रिलिक फोमची टेप येते. थ्री एम कंपनीच्या व्हीएचबी या जास्त ताकदीच्या टेपसाठी चिकटवताना तापमान २१ ते ३८ अंश सेल्सिअस असावं असं कंपनी सांगते. म्हणजे पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास असताना हे करू नये, अकरानंतर करावं. एप्रिल-मेमध्ये उन्हातल्या पत्र्याला हातही लावता येत नाही, तेव्हा सकाळ आणि सावली. भर पावसाळ्यात मी तरी करणार नाही, दमट हवेत पत्र्यावर न दिसणारा ओलावा राहतो.

सिरॅमिक कोटिंग किंवा वॅक्स केलेल्या रंगावर टेप नीट धरत नाही. कोटिंग करायचंच असेल तर आधी बॅज, मग कोटिंग. संरक्षक फिल्म लावलेली असेल तर बॅज फिल्मवर बसेल खरा, पण पुढे काढताना फिल्म फाटू शकते.

जागा ट्रेसिंग पेपरवरून ठरवा. मास्किंग टेपची एक आडवी रेघ अक्षरांच्या तळाला आणि एक उभी कडेला, असा काटकोन करा. तीन मीटर मागे जाऊन पाहा, घरातल्या कोणाला तरी दाखवा. माझ्या बायकोने दोन मिलिमीटरचा तिरकेपणा लांबून ओळखला, मोजपट्टीला तो सापडला नव्हता.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन जागा पुसा. हे अल्कोहोल बुधवार पेठेत, सर्किट बोर्ड पुसायला वापरतात म्हणून इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे विचारा. स्वच्छ मायक्रोफायबर वापरा आणि पुसल्यावर तिथे बोट लावू नका. पत्रा किंचित कोमट करा, टेपचा कागद सोलताना बॅज वाकू देऊ नका. तळाची कड मास्किंग टेपच्या रेघेला टेकवा आणि मग वरचा भाग हळू खाली आणा. संधी एकदाच मिळते. व्हीएचबी टेप टेकली की सरकत नाही. पुढे प्रत्येक अक्षरावर अंगठ्याने तीस-तीस सेकंद भक्कम दाब द्या, टोकांवर जास्त.

पुढच्या जाळीत बॅज लावणार असाल तर तो मागच्या पट्टीवर स्क्रूने बसतो. बऱ्याच नव्या गाड्यांत जाळीमागे किंवा चिन्हामागे रडार असतं, त्याच्या समोर काही येऊ देऊ नका.

नंतरचे तीन दिवस

वीस मिनिटांत टेपची साधारण निम्मी ताकद येते, २४ तासांत सुमारे ९० टक्के, पूर्ण ताकदीला ७२ तास. तोवर गाडी धुऊ नका, धुवायला येणाऱ्या दादांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. पुढेही प्रेशर वॉशरची तोटी बॅजच्या कडेवर रोखायची नाही. चौथ्या दिवशी नखाने चारही कडा तपासा. एखादी उचललेली वाटली तर कोमट करून पुन्हा दाबा.

माझ्या झेड ४च्या डिकीवर आज कंपनीची मूळ अक्षरंच आहेत. एम स्पोर्टचे बंपर, स्टिअरिंग आणि सस्पेन्शन मी अस्सल मिळवून बसवलं, म्हणून दोन्ही फेंडरवर छोटा एम आहे, जसा कंपनीतून आला असता. त्या संध्याकाळी उतरवलेला तो मोठा बॅज आणि सगळ्या भागांची बिलं एका डब्यात घालून आरसीच्या फाइलशेजारी ठेवली आहेत. गाडी विकायची वेळ आली तर तो डबा घेणाऱ्याच्या हातात देईन आणि चासी नंबरवरून त्याला मॉडेल स्वतः तपासायला सांगेन.