पोलीस ठाण्यात नवीन लागलात? मग तपास मागून घ्या

नाशिक शहर असो की ग्रामीण, भरती होऊन नुकत्याच ठाण्यात लागलेल्या मुलींसाठी लिहितेय. ३०% आरक्षणामुळे आपण आत आलो, पण पुढे कोण जाणार ते ठरतं ड्युटी काय मिळते त्यावर. सीसीटीएनएसचा (गुन्ह्यांच्या ऑनलाइन नोंदीचा) कॉम्प्युटर, वायरलेस आणि लेडीज बंदोबस्त यातच वर्षं गेली तर उद्या अधिकारी झालात तरी म्हणणार, मॅडमना तपास कुठे जमतो.

म्हणून आधी हजेरी मेजरांशी, म्हणजे रोजची ड्युटी लावणाऱ्यांशी बोला. मला बीटला (हद्दीतल्या एका भागाच्या कामाला) टाका, समन्स वॉरंट बजावायला पाठवा, असं स्पष्ट सांगा. दोनदा सांगून नाही झालं तर पीआय साहेबांना (ठाण्याचे प्रमुख पोलीस निरीक्षक) लेखी अर्ज द्या आणि आपल्या कॉपीवर आवक नंबर घ्या, तोंडी बोललेलं कोणाच्या लक्षात राहत नाही.

आता मुख्य गोष्ट. बलात्कार, विनयभंगाची पीडितेने दिलेली फिर्याद महिलेनेच नोंदवायची असं कायद्यातच आहे, म्हणून रात्री अपरात्री आपल्याला घरून बोलवून घेतात, आपण तिच्याजवळ बसतो, ती रडत रडत सगळं सांगते, ते लिहून झालं की कागद दुसऱ्याच्या टेबलावर आणि आपण परत वायरलेसला. इथे अडायचं! साहेब, फिर्याद मी लिहिलीय तर मेडिकलला मी नेते, पंचनाम्याला मला घ्या, केस डायरीला (तपासाच्या रोजच्या नोंदीला) रायटर, म्हणजे तपास अधिकाऱ्याची लेखनिक म्हणून मला ठेवा. रायटर म्हणून एक मोठा गुन्हा दोषारोपपत्रापर्यंत नेला ना, की जे शिकाल ते कुठल्या क्लासमध्ये मिळत नाही. आणि त्या मुलीलाही दरवेळी नवीन माणसाला पहिल्यापासून सांगावं लागत नाही, मला तर हेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

पण फक्त महिलांच्या गुन्ह्यात अडकू नका. घरफोडी, सायबर, डीबी (गुन्हे शोध) पथक, सगळीकडे नाव द्या.

सोबत एमपीएससीची पीएसआय (पोलीस उपनिरीक्षक) परीक्षा पण द्या, खात्यात राहून देता येते, ट्रेनिंग तर आपल्याच त्र्यंबक रोडच्या अकादमीत. २०२४ मध्ये रश्मी शुक्ला राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या, म्हणजे वरपर्यंत वाट आहे.

महिलांना ८ तास ड्युटीचा आदेश जानेवारी २०२२ चा आहे, त्याची प्रत मोबाईलमध्ये ठेवा. कोणी लैंगिक त्रास दिला तर अंतर्गत समितीकडे ३ महिन्यांच्या आत लेखी तक्रार करा, अध्यक्ष महिलाच असते. मेसेज, कॉल डिटेल काही डिलीट करू नका.

आणि सीनियर मॅडम लोकांनो, २०२७ चा सिंहस्थ आलाय. रामकुंडावर, पंचवटीत तासन् तास उभ्या राहणाऱ्या मुलींना बाथरूम कुठे, कपडे बदलायची खोली कुठे, पॅड कुठे मिळणार, हे बंदोबस्ताच्या नकाशावर आत्ताच टाकून घ्या. सेक्टरची जबाबदारीही मागा, नुसती महिलांची रांग सांभाळायला उभं करत असतील तर तिथल्या तिथे बोला.