भूलशास्त्राच्या पहिल्या वर्षात येणाऱ्यांसाठी

पीजीला भूलशास्त्र मिळालं तेव्हा रामबागेतल्या घरी काकांनी विचारलं, "म्हणजे तू नुसती झोपवणार का गं?" मी हो म्हटलं. इंदूरमधली तीन वर्षं संपली आणि आज तसं उत्तर मला देता येणार नाही. जाग आणि झोप यांच्यामध्ये एक पट्टा असतो, त्यात माणसाचं मन बदलतं. नव्यांनी तो आधी ओळखावा असं मला मनापासून वाटतं.

आल्याआल्या तुम्ही एमएसी पाठ कराल, म्हणजे ज्या प्रमाणात भुलीचा वायू दिला की निम्मे रुग्ण चीर दिल्यावर हलत नाहीत ते प्रमाण: सेव्होफ्लुरेन या हुंगवायच्या औषधाचं 2 टक्क्यांच्या आसपास, नायट्रस ऑक्साइड या 'हसवणाऱ्या वायू'चं 104 टक्के. शंभराच्या वरचा आकडा म्हणजे नेहमीच्या दाबाला एकट्या नायट्रसने पूर्ण भूल होत नाही. माणूस मधल्या पट्ट्यातच राहतो, वेदना बोथट, मन हलकं. हंफ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1799 मध्ये ब्रिस्टलला तो स्वतः हुंगून पाहिला आणि शस्त्रक्रियेत उपयोगी पडेल असं 1800 मध्ये छापलंही. तरी पुढची चाळीसेक वर्षं लोक करमणुकीसाठीच तो हुंगत राहिले. 1844 मध्ये अशाच एका जाहीर खेळात होरेस वेल्स या दंतवैद्याला त्याचा खरा उपयोग दिसला. पुढे वेल्स क्लोरोफॉर्मच्या आहारी गेला आणि 1848 मध्ये न्यूयॉर्कच्या तुरुंगात त्याने जीव दिला. आपल्या शाखेच्या अगदी सुरुवातीलाच हे घडलंय, पण मला ते कुणी शिकवलं नव्हतं.

सेव्होमधून जागी होणारी लहान मुलं कधी कधी बेभान रडतात, आईलाही ओळखत नाहीत. बहुतेकदा थोड्या वेळात ती शांत होतात. आईला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती फार घाबरते.

आता माझ्या बरोबरच्या पीजीबद्दल. रात्री केस संपल्यावर तो ओटीत एकटाच थांबायचा. "मशीन चेक करतोय," म्हणायचा. मग त्याच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. ओटीतली चप्पल पायातून निसटली तरी त्याला कळायचं नाही. शाकाहारी आहे, बी12 कमी असेल, असं आम्ही ठरवून टाकलं. तपासणीत बी12 नॉर्मल आलं आणि विषय तिथेच राहिला. तो रात्री एकटा नायट्रस हुंगत होता, हे तेव्हा आमच्या ध्यानात आलं नाही. नायट्रस बी12 मधल्या कोबाल्टचं ऑक्सिडीकरण करून ते निकामी करतो. रक्तातला आकडा ठीक दिसू शकतो, आत मज्जारज्जू बिघडत जातो. होमोसिस्टीन आणि मिथाइलमेलोनिक आम्ल तपासायला हवं होतं. परीक्षेसाठी मला हे सगळं पाठ होतं, पण मित्राच्या बाबतीत सुचलं नाही. पुढे संशय आला तरी त्याची सीट जाईल या भीतीने मी दोन आठवडे गप्प राहिले. त्या दोन आठवड्यांचं मला आजही वाईट वाटतं.

फेंटानिल हे अफूसारखं तीव्र वेदनाशामक कुलपात असतं, त्याच्या प्रत्येक अँप्यूलवर सही लागते. आमच्याकडे सेव्होची बाटली मात्र उघड्या ट्रॉलीवर असायची. तुमच्याकडे तसं असेल तर वापराची नोंद ठेवायचा आग्रह धरा. आणि कुणाबद्दल शंका आली तर त्याला एकट्याने गाठून जाब विचारू नका. उघडकीला आल्याच्या धक्क्यात माणूस जिवाचं बरंवाईट करू शकतो. विश्वासातल्या सरांना किंवा मॅडमना सांगा, मानसोपचारवाल्यांना आधी तयार ठेवा, मग दोघातिघांनी मिळून बोला. त्या रात्री कुणीतरी त्याच्याजवळ झोपायलाच हवं.

आम्ही शेवटी तसंच केलं. त्याच्यावर उपचार झाले, तो आता दुसऱ्या शाखेत आहे. चालतो नीट, पण अंधारात जिना उतरताना अजून कठडा धरावा लागतो.