बडोद्यात राहून मराठी अर्थभाष्यकार कसे व्हावे

अर्थविषयक भाष्यावर स्वतःचा व्यवसाय उभारू इच्छिणाऱ्या मराठी तरुणाने मुंबईला जाण्याची वाट पाहू नये. सयाजीराव महाराजांनी १९०८ मध्ये ज्या शहरात बँक ऑफ बडोदा स्थापली, तेथे अभ्यासाची सामग्री घराजवळच आहे. अलेंबिक, जीएसएफसी (गुजरात स्टेट फर्टिलायझर्स अँड केमिकल्स), गुजरात अल्कलीज या शेअर बाजारात सूचिबद्ध कंपन्या बडोद्याच्याच आहेत. त्यांपैकी एक निवडून तिचे मागील पाच वर्षांचे वार्षिक अहवाल वाचावेत. अध्यक्षांचे निवेदन शेवटी ठेवून आधी लेखापरीक्षकांचा अहवाल, मग रोख प्रवाहाचे विवरण आणि त्यानंतर टिपांमधील संबंधित पक्षांचे, म्हणजे प्रवर्तक, त्यांचे नातेवाईक व त्यांच्या इतर कंपन्यांशी झालेले, व्यवहार पाहावेत. नफा दिसत असूनही धंद्यातून रोकड येत नसेल, तर उधारी वाढली आहे की माल गोदामात पडून आहे, याचा शोध ताळेबंदात घ्यावा. खरे भाष्य येथूनच सुरू होते. शिवाय एक शेअर असलेला भागधारकही वार्षिक सभेत प्रश्न विचारू शकतो, ही संधी सोडू नये.

लिहिताना दांडिया बाजारातील एखादे निवृत्त आजोबा डोळ्यांसमोर ठेवावेत. ७ टक्के व्याजाच्या ठेवीवर ३० टक्के कर भरणाऱ्याच्या हाती, उपकर सोडूनही, ४.९ टक्केच उरतात, आणि महागाई ५ टक्के असेल तर त्याची बचत प्रत्यक्षात घटते. एवढे आकड्यांनिशी समजावणे कोणत्याही तेजी-मंदीच्या भाकितापेक्षा मला अधिक मोलाचे वाटते.

व्यवसाय सुरू करण्यापूर्वी कायद्याची रेषा नीट समजून घ्यावी. मोबदला घेऊन शेअर घेण्या-विकण्याच्या शिफारशी करायच्या असतील, तर शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या २०१४ च्या विनियमांनुसार संशोधन विश्लेषक म्हणून नोंदणी लागते व त्यासाठी एनआयएसएम या सेबीने स्थापलेल्या प्रशिक्षण संस्थेची परीक्षा द्यावी लागते. केवळ शिक्षण देणाऱ्याला नोंदणीची गरज नाही. मात्र शिकवण्याच्या नावाखाली शिफारशी होऊ नयेत म्हणून सेबीने जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात लगतच्या तीन महिन्यांचे बाजारभाव वापरण्यास मनाई केली. म्हणून उदाहरणे जुनीच घ्यावीत आणि नियमांतील बदल सेबीच्या संकेतस्थळावर वेळोवेळी तपासावेत.

उत्पन्न कोठून घ्यावे, हा या व्यवसायातील सर्वांत निर्णायक प्रश्न आहे. ज्या कंपनीवर किंवा फंडावर आपण लिहितो, तिच्याकडून जाहिरात, दलाली वा प्रवासखर्च घेतला की वाचकाला आपल्या प्रत्येक वाक्याबद्दल शंका घेण्याचा हक्क मिळतो. त्यापेक्षा वर्गणी, शिकवणी वर्ग आणि व्याख्यानांचे मानधन घ्यावे, जरी पहिली काही वर्षे नोकरी सांभाळून काढावी लागली तरी. स्वतःजवळ असलेल्या शेअरवर लिहिल्यास तसे लेखाच्या सुरुवातीलाच सांगावे. व्यवसायाचे बँक खाते पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावे. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपलीकडे गेली की जीएसटीची नोंदणी करावी लागते.