पालिका शाळेतलं ग्रंथालय: कपाटातली पुस्तकं दप्तरात कशी पोहोचतील

मुंबईच्या पालिका शाळेत पुस्तकंच नाहीत, असं सहसा नसतं. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेच्या ग्रंथालय अनुदानातून येतात, देणगीतून येतात, वाचन प्रेरणा दिनाला कुणीतरी गठ्ठा आणून देतं. मग ती लोखंडी कपाटात जातात आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात जाते. प्राथमिक शाळेत ग्रंथपालाचं पद सहसा नसतं. कपाटाचा प्रभार एखाद्या वर्गशिक्षिकेकडे येतो. पुस्तक हरवलं तर भरपाई आपल्यावर येईल, ही त्या बाईंची भीती रास्त असते. कपाट बंद राहण्याचं खरं कारण तेच आहे. म्हणून रॅक, रंगकाम, भिंतीवरची चित्रं हे सगळं नंतर. आधी ही भीती कागदावर मिटवा.

आधी कागद

शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत तीन ओळींचा ठराव करून घ्या. ग्रंथालयातली पुस्तकं मुलांना घरी दिली जातील. वापरात काही फाटतील, काही गहाळ होतील हे समितीला मान्य आहे. दरवर्षी मोजणी करून निरुपयोगी आणि गहाळ पुस्तकांचा निर्लेखन (नोंदीतून वजा करण्याचा) प्रस्ताव पाठवला जाईल. ठरावाची प्रत विभाग निरीक्षकांमार्फत प्रशासकीय अधिकारी (शाळा) यांच्याकडे पाठवा आणि पोच घ्या. पोच फाइलला लावली की प्रभारी शिक्षिका एकटी पडत नाही.

कुणी आधार विचारला तर केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम २१५ दाखवा. वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली तर ते वाजवी मानावं, असं तो सांगतो. निष्काळजीपणा किंवा अप्रामाणिकपणा मात्र नसावा, आणि हजार रुपयांवरचं पुस्तक गेलं तर चौकशी करावी लागते. नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, पालिकेला थेट लागू नाही. पण समितीपुढे आणि लेखापरीक्षकापुढे बोलायला तो भक्कम आधार आहे.

यातून एक गोष्ट निघते आणि ती फार कामाची आहे: देवघेव मोजा. ४०० मुलं, आठवड्याला एक पुस्तक, वर्षात ३० आठवडे धरले तर १२,००० वेळा पुस्तक बाहेर गेलं. त्या हिशेबाने ६० पुस्तकं गहाळ झाली तरी ते प्रमाणाबाहेर नाही. कपाट बंद ठेवून वर्षात दोनशेच पुस्तकं दिली असतील, तर मात्र दोन गेली तरी उत्तर द्यावं लागतं. जितकं जास्त द्याल तितके तुम्ही सुरक्षित.

दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन चढवायच्या वहीत, क्रमांक, तारीख, नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, कुठून आलं आणि शेरा एवढे रकाने पुरे. गहाळ पुस्तकाचा क्रमांक नव्या पुस्तकाला कधीही देऊ नका. दोन वर्षांनी मोजणी जुळत नाही ती याच कारणाने. शिक्का शीर्षकपानाच्या मागे आणि शेवटच्या पानावर मारा, चित्रावर नको. पुस्तकं जडवस्तू संग्रहाच्या (टिकाऊ सामानाच्या) वहीत कपाटांच्या रांगेत चढवली असतील तर ती वेगळी काढून या वहीत आणा. कपाट तीस वर्षं टिकतं. चित्रांचं पुस्तक खडूसारखं वापरून संपायचंच असतं.

किती आणि कुठली

४० मुलांच्या वर्गाला १०० पुस्तकांचा संच लागतो. पुस्तकं ४०च असतील तर पटावरच्या शेवटच्या मुलाला उरलंसुरलं घ्यावं लागतं, आणि निवड नसेल तर वाचन गृहपाठासारखं वाटतं. प्रत्येक वर्गाला वेगळा संच परवडत नसेल तर तीन वर्गांत एक फिरवा, पण एका वेळी एका वर्गात शंभर राहू द्या.

समग्र शिक्षाचं ग्रंथालय अनुदान शाळेच्या स्तराप्रमाणे वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत असतं. नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, एकलव्य, ज्योत्स्ना यांची मुलांची पुस्तकं साधारण पन्नास ते शंभर रुपयांत बसतात. पाच हजारांत साठेक येतात. एकाच नावाच्या वीस प्रती घेऊ नका. ठेकेदाराचा तयार संच घेऊ नका. त्यात थोर पुरुषांची चरित्रं आणि सुविचारसंग्रह भरलेले असतात आणि ते कपाटात कोरे राहतात. यादी स्वतः करा. बालभारतीचं 'किशोर' हे १९७१ पासून निघणारं मासिक जरूर लावा. एका अंकाची तीन-चार मुलांत वाटणी होते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या गोष्टी मोफत आणि छापायला मुक्त आहेत. मोठ्या पडद्यावर वाचून दाखवायला त्या उत्तम, आणि कृष्णधवल छापून पुस्तिका केल्या तर मुलं त्या रंगवतातही.

मराठी माध्यमाच्या वर्गातही घरी हिंदी, भोजपुरी, तेलुगू बोलणारी मुलं असतात. संचात वीसेक हिंदी पुस्तकं ठेवा. पालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवते, आणि एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमं नांदतात. वरच्या मजल्यावर हिंदी शाळेचं कपाट तसंच बंद असण्याची शक्यता बरीच आहे. दोन्ही मुख्याध्यापकांच्या सहीने तिमाही उसनवार करा. दाखल नोंदीत काही बदलू नका, फक्त यादीवर सह्या घ्या.

सोसायट्यांकडून येणाऱ्या देणग्या आधी पाहा. गाइड, जुनी पाठ्यपुस्तकं, इंग्रजी कादंबऱ्या आणि बुरशी धरलेले गठ्ठे शाळेच्या दारातच नम्रपणे परत करा. एकदा आत घेऊन नोंद केली की ते काढायला निर्लेखनच करावं लागतं.

मांडणी: रॅक नको, पेट्या

दोन अधिवेशनांच्या, म्हणजे सकाळ-दुपार दोन पाळ्यांच्या इमारतीत ग्रंथालयाला स्वतंत्र खोली मिळालीच तरी ती तुमची राहत नाही. निवडणूक आली की खोली मतदान केंद्रात जाते, सामान व्हरांड्यात येतं. म्हणून झाकणाच्या प्लास्टिकच्या पेट्या घ्या. पातळ चित्रपुस्तकं असतील तर पन्नासची पेटी पाच-सहा किलोची होते, दोन मुलं सहज उचलतात. सकाळ अधिवेशनाच्या पेटीला एका रंगाची चिंधी, दुपारच्या पेटीला दुसऱ्या रंगाची.

ग्रंथालयाच्या तासाला पुस्तकं मुखपृष्ठ समोर येईल अशी मांडा. कणा पाहून पुस्तक ओळखायची सवय लहान मुलांना नसते, आणि चोवीस पानी पुस्तकाला कणाच नसतो. भिंतीत साडेतीन फुटांवर खिळे ठोकून नायलॉनची दोरी ताणा. खिळ्यांमधलं अंतर पाच फुटांपेक्षा जास्त ठेवलंत तर दोरी झोळीसारखी लोंबते आणि पुस्तकं मधोमध घसरतात. पुस्तक मधल्या पानावर उघडून दोरीवर टाकायचं. कपड्याचे चिमटे लावू नका, मुखपृष्ठावर वळ उठतात. तपकिरी कागदाची कव्हरं घालायची शाळेची जुनी सवय इथे सोडून द्या. कव्हर हवंच तर पारदर्शक घाला.

वर्गीकरण चार रंगांचं पुरे. पानावर एकच ओळ ते लाल, दोन-चार ओळी ते पिवळं, परिच्छेद असतील ते निळं, प्रकरणं असतील ते हिरवं. त्या रंगाची टिकली मुखपृष्ठाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात लावून त्यावर पारदर्शक कव्हर घाला, नाहीतर ती आठवड्यात निघते. रंग इयत्तेला बांधू नका. सहावीतल्या मुलाने लाल पुस्तक उचललं तर ते त्याला घेऊ द्या. त्यावर वर्गात एक शब्दही बोलू नका.

पस्तीस मिनिटांचा तास

देवघेव वहीत लिहायला दर मुलामागे एक मिनिट धरा: ४० मुलं, ४० मिनिटं, तास संपला. पुस्तकांची नावं लिहिण्यातच वेळ गेल्याने उपक्रम बंद पडलेल्या शाळा बऱ्याच आहेत. त्याऐवजी कप्प्यांचा पडदा करा.

जाड मांजरपाटाचा ८० सेंटिमीटर रुंद, ७५ सेंटिमीटर उंच तुकडा घेऊन शिंप्याकडून पाच ओळींत आठ-आठ असे ४० कप्पे शिवून घ्या. कप्पा ९ सेंटिमीटर रुंद, ८ खोल. प्रत्येकावर मुलाचं नाव. प्रत्येक पुस्तकात मागच्या पानाला कागदी खिसा चिकटवून त्यात ७ बाय १२ सेंटिमीटरचं जाड कार्ड ठेवा. कार्डावर पुस्तकाचा क्रमांक, नाव आणि रंग. मुलाने पुस्तक निवडलं की कार्ड काढून आपल्या नावाच्या कप्प्यात टाकायचं. परत आणलं की कार्ड पुन्हा पुस्तकात. कार्ड कप्प्यातून चार सेंटिमीटर वर डोकावतं, त्यामुळे कुणाकडे पुस्तक आहे हे दारातून दिसतं. शेवटी कार्डं मोजून तो आकडा तारखेसह वहीत लिहा. तीच तुमची देवघेवीची नोंद. हे काम सहावी-सातवीतली दोन मुलं महिन्याभरात तुमच्यापेक्षा चोख करायला लागतात.

तासाची विभागणी अशी: पाच मिनिटं परत घेणं, दहा मिनिटं तुम्ही मोठ्याने वाचणं, पंधरा मिनिटं मुलांनी दोरीपाशी चाळणं, पाच मिनिटं कार्डं. मोठ्याने वाचणं कधीही गाळू नका; जे पुस्तक तुम्ही वाचून दाखवलं त्याच्यावरच पुढचे दोन आठवडे उड्या पडतात. वाचून झाल्यावर तात्पर्य विचारू नका. परीक्षण लिहायलाही लावू नका.

दंड घेऊ नका, एक रुपयासुद्धा. पुस्तक हरवलेलं मूल दंडाच्या भीतीने त्या दिवशी गैरहजर राहतं, मग ग्रंथालयाच्या प्रत्येक तासाला राहतं. कार्डावर 'गहाळ' लिहून वेगळ्या पाकिटात ठेवा आणि त्याच तासाला त्या मुलाला दुसरं पुस्तक द्या. बरीचशी पुस्तकं घर आवरताना सापडतात.

गंजलेली पिन

मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत पुस्तकाचा पहिला शत्रू मूल नव्हे, पिन. ती गंजते, भोवतीचा कागद तांबूस होऊन झिजतो आणि मधली पानं सुटतात. सेलोटेप लावू नका. ती पिवळी पडते, चिकटा सोडते आणि काढताना छपाई घेऊन येते. पुस्तक शिवा, पाच मिनिटांचं काम आहे.

मधलं पान उघडून पिनेचे पाय बोथट सुरीने सरळ करा आणि बाहेरून पक्कडीने ओढून काढा. घडीवर दाभणाने तीन भोकं पाडा: एक मधोमध, बाकीची वरून आणि खालून दोन इंचांवर. जाड सुती दोरा मेणबत्तीवर घासून घ्या, लांबी पुस्तकाच्या उंचीच्या अडीच पट. सुई मधल्या भोकातून आतून बाहेर काढा, आत तीन इंच शेपूट ठेवा. बाहेरून वरच्या भोकातून आत या, मधलं भोक सोडून सरळ खालच्या भोकातून बाहेर जा आणि मधल्या भोकातून परत आत या. आता आतल्या लांब टाक्याच्या एका बाजूला शेपूट आणि दुसऱ्या बाजूला सुईचा दोरा हवा. टाका मध्ये धरून गाठ मारा. दोरा ताणताना घडीच्या दिशेने ओढा, आडवा ओढलात तर कागद चिरतो. टोकं अर्धा इंच ठेवून कापा, लांब राहिली तर मुलं ओढतात. सुटं पान असेल तर कडेला तीन मिलिमीटर फेविकॉल लावून बसवा आणि दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा कागद घालून रात्रभर वजनाखाली ठेवा.

जून ते सप्टेंबर

पेट्या भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून निदान दोन फूट वर ठेवा. हिंदमाता, कुर्ला, सायन अशा पाणी भरणाऱ्या भागात तळमजल्यावर पुस्तकं ठेवूच नका. डांबरगोळ्यांनी कसर लांब राहते, बुरशी नाही. बुरशीला हवा खेळती लागते: आठवड्यातून एकदा पेट्या उघडून तासभर पंख्याखाली ठेवा. पावसाळ्यात देवघेव चालू ठेवली तर हे आपोआप होतं.

पुस्तक भिजलंच तर दोन दिवसांच्या आत वाळायला हवं, नाहीतर बुरशी धरते. गुळगुळीत आर्ट पेपरची पानं ओली असतानाच एकेक सुटी करा. तशीच वाळली तर विटेसारखी चिकटतात आणि मग निघत नाहीत. पुस्तक पंख्यासारखं उघडून उभं करा, पानांत कोरा कागद घाला, छापील वर्तमानपत्र नको. उन्हात टाकू नका, पानं वाकतात.

एप्रिलची मोजणी

परीक्षेआधीच्या आठवड्यात सगळी पुस्तकं परत मागवा, कारण परीक्षा संपली की मुलं गावी जातात. कार्डं आणि पुस्तकं जुळवा, नोंदवहीत शेरे लिहा, शिवण्याजोगी वेगळी करा, निर्लेखनाची यादी मुख्याध्यापक आणि समितीच्या सहीने त्याच महिन्यात पाठवा. जूनवर ढकललीत तर प्रवेशाच्या गडबडीत ती राहते आणि पुढच्या वर्षी दोन वर्षांची तूट एकदम दिसते.

मोजणी झाली की सुट्टीसाठी प्रत्येक मुलाला दोन पुस्तकं पुन्हा द्या, शिवलेल्या जुन्यांतली. कार्डं वर्गाच्या पाकिटात घालून पाकिटावर वर्ग आणि तारीख लिहा आणि किल्लीबरोबर मुख्याध्यापकांकडे ठेवा, म्हणजे जूनमध्ये प्रभार दुसऱ्या कुणाकडे गेला तरी कुठलं पुस्तक कुठे आहे ते त्यांना सापडेल.