एचआर प्रमुखाची खुर्ची सोडून स्वतंत्र सल्लागार झालात? या चुका टाळा

बडोद्यात एचआरमधली जाणती माणसं कधीच कमी नव्हती. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या समाजकार्य विद्याशाखेतून किती पिढ्या बाहेर पडल्या आणि कोयलीची रिफायनरी, जीएसएफसीचा खतकारखाना, सावली-हालोलचे मोठे कारखाने यांत मुरल्या. त्यांतले बरेच जण आता पन्नाशीच्या आसपास नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करताना मी पाहते. अनुभव दांडगा असतो, कायदा तोंडपाठ असतो, ओळखीही भरपूर असतात. तरी वर्ष-दीड वर्षात अनेकांचं गाडं अडतं. नोकरी सुटते, पण आपण विभागप्रमुख आहोत ही सवय सुटत नाही. प्रमुखाच्या हाताखाली माणसं असतात, सहीला वजन असतं, महिनाअखेरी पगार खात्यात पडतो. सल्लागाराला यातलं काहीच मिळत नाही, आणि ते मिळत असल्यासारखं तो वागत राहिला की पुढच्या बहुतेक चुका होतात.

जुन्या कंपनीची फाइल नव्या कारखान्यात नेणं

मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतला साठ कामगारांचा एखादा फॅब्रिकेशनचा कारखाना घ्या. शेठ, त्यांचा भाचा, एक अकाउंटंट आणि पगारपत्रक सांभाळणारी एक मुलगी, एवढीच काय ती व्यवस्था. तिथे तीन हजार माणसांच्या कंपनीतलं अप्रेझल, ग्रेडच्या पायऱ्या आणि बेल कर्व्ह (ठरावीक टक्केवारीत सगळ्यांना वर-खाली बसवणं) घेऊन गेलात तर शेठ मान डोलावतील, पहिलं बिलही देतील, आणि फाइल कपाटात जाऊन बसेल.

पहिल्या आठवड्यात काही लिहूच नका. मस्टर बघा. ओव्हरटाइम कोण लिहितं आणि त्यावर सही कोण करतं ते विचारा. ठेकेदाराच्या बिलात किती नावं आहेत आणि गेटमधून प्रत्यक्ष किती माणसं आत येतात ते जुळवा. गेल्या वर्षी सोडून गेलेल्यांचा हिशोब किती दिवसांनी झाला ते पाहा. चार नव्या श्रम संहितांपैकी वेतन संहितेनुसार माणूस राजीनामा देवो वा काढला जावो, त्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं व्हायला हवं, आणि लहान कारखान्यांत नेमका इथेच महिना-महिना जातो. पाळी बदलताना तासभर शॉप फ्लोअरवर उभं राहिलात तर सुरक्षेची सूचना फक्त गुजरातीत लावलेली दिसेल आणि तिच्याखाली काम करणारा वेल्डर बिहारहून आलेला असेल. शेठना अशी गोष्ट दाखवलीत की तुमच्या शब्दाला किंमत येते.

रिटेनरमध्ये (दरमहा ठरलेल्या फीच्या करारात) ‘सगळंच’ घेणं

सर्वांत जास्त माणसं इथे थकतात. “साहेब, महिन्याला अमुक देतो, आमचं एचआर तुम्ही बघा,” असं शेठ म्हणतात. ऐकायला बरं वाटतं, पहिल्याच महिन्यात उत्पन्न बांधलं जातं. पण ‘बघा’ म्हणजे काय, हे कोणीच लिहून ठेवत नाही. तीन महिन्यांत तुम्ही ड्रायव्हरच्या रजेपासून भाच्याच्या भांडणापर्यंत सगळं निस्तरत असता, रात्री दहाला फोन येतात, आणि पगारपत्रकावरची मुलगी साधा प्रश्नही तुमच्याकडे ढकलते. तिने काही शिकावं यासाठी तुम्ही आलात, पण तुम्ही असल्यामुळे तिचं शिकणंच थांबलं. मला ही चूक पैशाच्या नुकसानीपेक्षाही गंभीर वाटते, कारण उद्या तुम्ही गेलात की कारखाना होता तिथेच राहतो.

करारपत्र दोन पानांचं असलं तरी चालेल, पण त्यात एवढं असू द्या: महिन्यातले किती दिवस, कोणत्या वारी, कोणतं काम कोणत्या महिन्यात पूर्ण होणार, कारखान्याच्या बाजूने ते कोण हातात घेणार, नावासकट, आणि काय तुम्ही करणार नाही. शेवटचा मुद्दा लिहायला संकोच वाटतो, म्हणून तोच सुटतो. पीएफचे चलान भरणं, कोर्टाच्या तारखा, एखाद्याला काढल्याचं त्याला सांगणं, ही कामं कोणाची ते आधीच ठरलेलं हवं. माणसाला नोकरीवरून कमी करायचं असेल तर ते त्याच्या मालकाने किंवा वरिष्ठाने त्याच्यासमोर बसून सांगावं. तुम्ही शेजारी बसा, कागद तयार ठेवा, काय बोलायचं याची तयारी करून घ्या. ते काम बाहेरच्या माणसाच्या गळ्यात घातलं गेलं की शॉप फ्लोअरवर तुमची ओळख तेवढीच उरते आणि पुढे कोणी तुमच्याशी मोकळेपणी बोलत नाही.

रिटेनर आधीच बिघडला असेल तर एकदम तोडू नका. महिनाभर प्रत्येक फोन, प्रत्येक फेरी वहीत नोंदवा. ती वही घेऊन शेठसमोर बसा आणि विचारा, यातलं माझ्याकडून तुम्हाला खरंच काय हवंय? बहुतेक मालक हिशोबी असतात, नोंद समोर आली की त्यांना पटतं. पटलं नाही तर फी वाढवा किंवा दिवस कमी करा. दोन्हीला नकार आला तर तीन महिन्यांची मुदत देऊन बाहेर पडा.

वेतनाच्या रचनेवर जुनाच सल्ला देणं

चारही श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. ‘बेसिक कमी ठेवा, भत्ते वाढवा’ हा वर्षानुवर्षांचा सल्ला आता महागात पडतो. घरभाडे, प्रवास यांसारखे वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांपुढे गेले, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते.

उदाहरण घ्या. एकूण ३०,००० रुपये, त्यात बेसिक १०,००० आणि वगळलेले भत्ते २०,०००. भत्त्यांची मर्यादा १५,०००, म्हणून वरचे ५,००० वेतनात आले आणि वेतन धरलं गेलं १५,०००. पीएफचे १२ टक्के १,२०० वरून १,८०० झाले; मालकाचा वाटा तेवढा वाढला आणि कामगाराच्या हातात ६०० कमी पडले. ग्रॅच्युइटीत २६ दिवसांचा महिना धरून १५ दिवसांचं वेतन मोजतात, म्हणजे सेवेच्या एका वर्षामागे ५,७६९ ऐवजी ८,६५४ रुपये. शिवाय ठरावीक मुदतीवर नेमलेल्याला आता एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे; त्यासाठी पाच वर्षं थांबावं लागत नाही.

हे गणित प्रत्येक माणसासाठी मांडून शेठना द्या, आणि हातातला पगार कमी होणार असेल तर पगाराच्या आधीच्या आठवड्यात कामगारांना त्यांच्या भाषेत समजावून सांगा. पगाराच्या दिवशी ते कळलं तर गेटवर गर्दी होते. कायद्याचा अर्थ लावण्याची वेळ आली की श्रम कायद्याचा वकील सोबत घ्या. त्याची फी करारात वेगळी दाखवा, आपल्या फीमध्ये जिरवू नका.

मालकाचे सल्लागार आणि तटस्थ माणूस, दोन्ही एकाच वेळी होणं

ज्या ठिकाणी दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष तिथलीच वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, आणि एक सदस्य बाहेरचा. “बाहेरचे तुम्हीच व्हा की,” असं मालक सहज म्हणतात. दर महिन्याला त्यांच्याकडून रिटेनर घेत असाल तर नाही म्हणा. तक्रार करायला येणाऱ्या बाईने तुमच्याकडे पाहून मालकाचा माणूस असं समजलं तर तिची काही चूक नाही. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते, आणि त्या दिवसांत तिचा विश्वास हीच समितीची खरी ताकद असते. या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थेतली अनुभवी महिला सुचवा. समितीला प्रशिक्षण हवं असेल तर ते तुम्ही द्या.

खात्यांतर्गत चौकशीलाही हेच लागू. आरोपपत्राचा मसुदा तुम्ही लिहून दिला असेल तर चौकशी अधिकारी तुम्ही होऊ नका. पुढे प्रकरण कोर्टात गेलं की पहिला प्रश्न त्यावरच येतो, आणि खऱ्या दोषी माणसाविरुद्धची चौकशीही त्यापायी कोसळू शकते.

ओळखीपाळखीचं काम

दांडिया बाजार-रावपुऱ्यात आपला मराठी गोतावळा मोठा. “काका, आमच्या बंड्याला कुठेतरी लावून द्या ना” हे घरच्या कार्यातही ऐकू येतं. मुलाला मनापासून मदत करा, बायोडेटा सुधारून द्या, मुलाखतीची तयारी करून घ्या. पण ज्या कारखान्याकडून फी घेता तिथे शिफारस करायची झाली तर नातं आधी सांगा. भरतीची फी कंपनीकडूनच घ्या, उमेदवाराकडून एक रुपयाही नको. आणि लोकांचे बायोडेटा व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवणं बंद करा; त्यात फोन, पत्ता, पगार सगळं असतं, आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कक्षेत आपल्यासारखेही येतात.

पैसे मागताना ओशाळणं

नोकरीत कधी बिल लावलेलं नसतं, म्हणून हात आखडतो. लहान उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, ती सुरुवातीलाच करा आणि तो क्रमांक बिलावर छापा. लहान उद्योगाचे पैसे करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. २०२३-२४ या वर्षापासून तर मुदतीत न दिलेली रक्कम, ती प्रत्यक्ष देईपर्यंत, ग्राहकाला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. हे त्यांच्या अकाउंटंटला चांगलं ठाऊक असतं, म्हणून मार्चच्या आधी त्यालाच फोन करा, शेठना नको.

वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटी लागतो, दर १८ टक्के. तो बिल केल्यावर भरायचा असतो, पैसे आले नसले तरी. ५०,००० च्या बिलावरचे ९,००० वेगळ्या खात्यात ठेवायची शिस्त पहिल्या बिलापासून लावा. आणि ज्या ग्राहकाने आधीची दोन बिलं थकवली आहेत, त्याचं नवं काम ती चुकती झाल्यावरच सुरू करा.